राउटरला शिवलेली खोळ

हातांना एकदा झाकण्याची सवय लागली, की त्यांना उघडे काही सोसत नाही. मावशींच्या हातांचे तसेच झाले होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराच्या शेजारी, कोऱ्या कापडाच्या वासाने भरलेली एक लांबट खोली होती. त्या खोलीत एक शिलाई मशीन होते आणि त्या मशीनपाशी मावशींचे अवघे आयुष्य बसले होते. वरच्या मजल्यांवर माणसे यायची, बरी व्हायची, घरी जायची. काही घरी न जाताच जायची. खाली मावशी त्यांच्या चादरी शिवायच्या. चादर नेहमी मधोमध विरते, कारण माणूस मधोमध निजतो. मावशी ती उभी कापायच्या, दोन्ही धडधाकट कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला घालवायच्या. शिवण इतकी सपाट घालायच्या, की दुखऱ्या पाठीला तिची चाहूलही लागू नये. त्या चादरीवर कोण निजणार, हे त्यांना ठाऊक नसे. ज्याचे तोंड पाहिले नाही, त्याच्या पाठीची काळजी वाहायची. देव तरी याहून वेगळे काय करतो?

उशांचे अभ्रे, मोडक्या हातांच्या झोळ्या, गरम पाण्याच्या पिशव्यांना कापूस भरून टाचलेल्या जाड खोळी, सगळे त्यांच्या हातचे. आणि पगाराबरोबर त्या रुग्णालयाने त्यांना एक शिकवणही दिली. चादरींचा गठ्ठा घेऊन त्या वर गेल्या, की कुठल्या ना कुठल्या दारातून नर्सचा आवाज कानी पडायचा, "जास्त बोलायला लावू नका हं. पेशंट दमतो." ऐकून ऐकून ते वाक्य मावशींच्या रक्तात उतरले होते. आजाऱ्यावर माया करायची म्हणजे त्याला बोलू द्यायचे नाही; जीव कितीही अडकला असला, तरी त्याच्या उशापासून लवकर उठायचे.

लग्नाचे राहूनच गेले. पण सफाईवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'मावशी'च म्हणायचे. जिला सख्खी भाची एकच, ती साऱ्या इमारतीची मावशी झाली.

निवृत्त होऊन त्या आपल्या दोन खोल्यांत आल्या आणि हात तिथेही गप्प बसेनात. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, पंख्याला थंडीपुरती खोळ, रिमोटला बटणांपुरती खिडकी ठेवून खोळ. समोरच्या दारातल्या काकू आल्या, की इकडे तिकडे पाहून म्हणायच्या, "मावशी, तुमच्या घरात वस्तू कमी आणि टोपडी जास्त! मी अजून थोडा वेळ बसले, तर मलाही एखादं चढवाल."

"चढवलं असतं हो," मावशी सुई न थांबवता म्हणायच्या, "पण तुमच्या तोंडावर टिकेल असं कापड कुठून आणू?"

आणि दोघी हसायच्या.

ही झाली घराची कथा. काळजाची कथा मात्र समुद्रापलीकडे होती. तिथे धाकटी राहत होती.

धाकटी म्हणजे मावशींची पाठची बहीण. वडील लवकर गेले, आईला दम्याने खाटेला बांधले, आणि मावशींनीच तिला वाढवले: तिच्या वेण्या घातल्या, तिचे डबे भरले, शाळेच्या फाटकापाशी ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. मोठी जितकी मुकाट, तितकी धाकटी बोलकी. शाळेतून आली, की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि तोंड सुरू. "अगं श्वास घे, मग बोल," ताई म्हणायची. "श्वास घेतला तर विसरेन ना!" धाकटी म्हणायची. ती शिकली, लग्न झाले, नवऱ्याबरोबर दूर देशी गेली, तिला एक मुलगी झाली.

मग आई गेली. धाकटी आली नाही. तिकडे काय अडले होते, ते तिने फोनवर रडत रडत सांगितले; पण त्या दिवशी मावशींचे कान जागेवर नव्हते. आईची रिकामी खाट समोर होती, आणि तोंडातून निघून गेले, "आता कशाला येतेस? आता इथे तुझं आहे तरी कोण?"

शब्दच ते, पण टाका उसवता येतो, शब्द उसवता येत नाही. काही काळ दोन्हीकडून फोन थांबले. मग भाचीच्या वाढदिवसाचे निमित्त झाले, पुन्हा बोलणे सुरू झाले, हसणेही सुरू झाले. मावशींच्या मनातला राग तर केव्हाच विरघळला होता. पण विरघळल्याचे त्यांनी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. त्या एका जागेला वळसा घालून दोघी बहिणी वर्षानुवर्षे बोलत राहिल्या.

अशात भाचीचा फोन आला. धाकटीच्या पोटात वाढलेले दुखणे आता औषधांच्या पलीकडे गेले होते. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची बोलू लागले होते. मावशींच्या कमरेचे हाड नुकतेच बसवलेले. विमानात बसणे सोडा, जिना उतरणेही दोन माणसांचे काम. जाणे शक्य नव्हते.

"मावशी, नुसत्या आवाजावर भागायचं नाही आता," भाची म्हणाली. "आईला तुला बघायचंय. तुझ्या घरी नेट घेऊया. मी इथूनच सांगून ठेवते, माणूस येईल."

माणूस आला. अंगाने भरलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा, आल्या आल्या पाणी मागणारा आणि दर वाक्याला हसणारा. मावशी त्याला 'दादा' म्हणू लागल्या. त्याने दाराच्या चौकटीशेजारी भोक पाडले, केसाएवढी काचेची तार पोटात असलेली एक वायर आत घेतली, भिंतीवरच्या उघड्या फळीवर दोन शिंगांची पांढरी पेटी बसवली. मावशी मान वर करून पाहत राहिल्या.

"हा राउटर," तो म्हणाला. "बाहेरून वायरीतून येतं ते हा घरभर हवेत सोडतो. आता याचं नाव सांगा."

"कुणाचं?"

"तुमच्या नेटचं हो. काय ठेवू?"

मावशींना विचार करावा लागला नाही. "धाकटी ठेवा."

पासवर्ड मात्र त्यांनी असा अवघड ठेवला, की लगेच तो टाकताना त्यांचाच चुकला. दादा हसला, पुन्हा टाकायला लावला आणि जाता जाता ताकीद देऊन गेला, "तीन गोष्टी, मावशी. वायर दुमडायची नाही. पाणी लागू द्यायचं नाही. आणि हा दिवा बघायचा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. लाल झाला तर मला फोन."

त्याला जे ठाऊक होते ते त्याने सगळे सांगितले. आणखीही काही सांगायला हवे होते, हे त्या बिचाऱ्याला कसे सुचावे?

मग सुरू झाला तो आनंदाचा काळ. इथली दुपार म्हणजे तिथली सकाळ. मावशी जेवण उरकून, केस नीट करून, फोनला पाण्याच्या तांब्याचा टेकू देऊन बसायच्या, आणि समोर धाकटी उगवायची. डोक्याला रुमाल, गाल आत गेलेले, पण तोंड तेच. नर्स कशी चालते, शेजारच्या खाटेवरची म्हातारी कुणाशी कशी भांडते, सूप कसे भांडी विसळल्याच्या पाण्यासारखे लागते. मावशी हसून हसून डोळे पुसायच्या. सहवास म्हणतात तो आणखी कशाला? देह देहाजवळ नव्हता. पण मन मनाच्या मांडीवर डोके ठेवून निजले होते. समोरच्या काकूंनाही त्यांच्या फोनवर ते नाव दिसायचे. "तुमची धाकटी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते हो!" त्या सांगायच्या, आणि मावशींना ते इतके आवडायचे, की त्या पुन्हा पुन्हा वदवून घ्यायच्या.

एके सकाळी झाडणाऱ्या बाईचा जाळी काढण्याचा लांब झाडू फळीला लागला. राउटर हलला, कडेला आला, पडता पडता राहिला. मावशींनी जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या अंगावर धूळ. जो रोज बहिणीला घरी आणतो, त्याच्या अंगावर धूळ! आणि तो असा उघड्यावर, भिंतीशी, एखाद्या पोरक्यासारखा!

त्याच दिवशी त्यांनी माप घेतले. नमुना हाताला पाठ होता: गरम पाण्याच्या पिशवीच्या खोळीचा. आत पांढरे मऊ कापड, मध्ये कापूस, वर फुलाफुलांचे चीट, आडवे उभे टाके. शिंगांना दोन बाह्या. वायरीसाठी खाली फट. दिव्यासाठी पुढे खिडकी. खोळ घालून पाहिली, तर राउटर बाळंतविड्यातल्या बाळासारखा दिसू लागला. तरीही मन भरेना. फळीच्या खालीच लोखंडी कपाट होते. त्यात आईचा फोटो, कागदपत्रे, धाकटीच्या पहिल्या वेण्यांच्या रिबिनी, घरातले जे जे जपायचे ते ते होते. त्याच्या मागच्या पत्र्याला गंजून पडलेले भोक होते. वायर जरासुद्धा न दुमडता मावशींनी त्यातून घेतली, राउटर आतल्या खणात ठेवला आणि कपाटाचे दार लावले. पाणी नाही, धूळ नाही, झाडू नाही. दिवा? हिरवा.

त्या रात्री त्या शांत झोपल्या.

दुसऱ्याच दिवशी दुपारी धाकटीचा आवाज तुटू लागला.

आणि पाहा दैवाचा मेळ कसा असतो तो. त्याच आठवड्यात भाचीने समजावून सांगितले होते, "मावशी, औषध बदललंय. डॉक्टर म्हणतात आता बोलणं अडखळेल हळूहळू, आवाज बसत जाईल. तू घाबरू नकोस." म्हणून मावशी घाबरल्या नाहीत. त्यांनी फक्त पाहिले, की बहीण बोलते आहे आणि शब्द मध्येच गळून पडत आहेत. "ता... त्या वे... मी..." मग चेहराच थिजायचा. तोंड अर्धवट उघडे, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तसाच कितीतरी वेळ. मावशींनी असे चेहरे रुग्णालयात पाहिले होते. तोंडावर हसू आणून त्या म्हणायच्या, "नको गं बोलूस, बाळ. दमतेस. उद्या बोलू हां." आणि फोन ठेवायच्या. ठेवून पदर तोंडात कोंबायच्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "ताई, त्या वेळी मी..." आणि थिजलेला चेहरा. "उद्या हां, राणी. पड जरा." रोज थोडे लवकर. रोज थोडे कमी. जीव अडकला होता, म्हणून रोज लवकर उठत होत्या. इतक्या वर्षांची शिकवण त्या निष्ठेने पाळत होत्या.

भाचीचा संदेश यायचा, "मावशी, तुझं नेट नीट आहे ना?" मावशी कपाट उघडायच्या, खोळीच्या खिडकीतून पाहायच्या आणि उत्तर लिहायच्या, "सगळं ठीक. हिरवा आहे."

खोटे नव्हते ते. हिरवा दिवा खरे तेच सांगत होता: बाहेरचे घरात आले आहे. घरात आलेले पुढे पोचते की नाही, हे त्याला कुणी विचारले नव्हते आणि त्याला सांगता येत नव्हते. ज्याने समुद्र ओलांडून तो आवाज दारापर्यंत आणला, त्याचा मार्ग शेवटच्या चार पावलांवर अडला होता. पत्र्याने अडवला, कापसाने अडवला. काय म्हणावे? मायेने अडवला.

समोरच्या काकूही एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मावशी, हल्ली तुमची धाकटी आमच्याकडे दिसत नाही हो फोनवर."

मावशींना ते ऐकवले नाही. "असं बोलू नका हो, काकू," एवढेच म्हणून त्या आत गेल्या. काकू ओशाळल्या. एक उघडी वाट होती, तीही मिटली.

शेवटी एके दुपारी दिवा हिरवाही नाही आणि लालही नाही, असा विझूनच गेला. मावशींनी राउटर बंद केला, चालू केला, वायर हलक्या हाताने चाचपली, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. हाताला पेटी चटका देत होती. त्यांना वाटले, बिचाऱ्याला ताप आला. त्यांनी दादाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी, नेमका बहिणींच्या भेटीच्या वेळेला आला.

"कुठे गेला?" रिकाम्या फळीकडे पाहून तो म्हणाला. "चोरीला?"

मावशींनी कपाट उघडून दाखवले. दादाने आत पाहिले, जवळ जाऊन पाहिले, आणि मग असा हसला, की कमरेच्या पट्ट्यातली हत्यारे वाजली. "अहो मावशी! स्वेटर? याला स्वेटर? आणि वरून तिजोरीत! अहो, इतक्या वर्षांत मी यावर चपला ठेवलेल्या बघितल्या, कपडे वाळत घातलेले बघितले, मांजर निजलेली बघितली. पण इतके लाड कुणी केले नव्हते याचे!"

मावशीही थोड्या हसल्या, लाजल्यासारख्या. "धूळ बसत होती हो."

"बसू द्या की. याला श्वास लागतो, मावशी. आतून तापतो तो. गुदमरून बंद पडला बिचारा. आणि लोखंडातून याचं काही बाहेर येत नाही. फोनला कसं मिळत होतं नेट? तुटत असेल ना? आवाज अडकतो, तोंड मध्येच थांबतं..." तो बोलता बोलता टाके उसवावेत तशी खोळ काढत होता, पेटी पुन्हा फळीवर ठेवत होता, जळलेला अडॅप्टर बदलून नवा लावत होता.

मावशींचे हसू जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालात?"

"अडकतं ना बोलणं? समोरचा बोलतो नीट, आपल्याला येतं तुकडे तुकडे." दिवे एकेक करून लागले. त्याने मावशींचा फोन हातात घेतला, त्यातल्या 'धाकटी' या नावावर बोट ठेवले. "हं. आता बघा, रेंज भरून आली. लावा कुणाला तरी, खात्री करू."

मावशींच्या बोटांना नंबर लागेना. दादानेच लावून दिला. भाची उचलते, तोच तिचा चेहरा समोर, इतका लख्ख, की पापण्यांवरचे पाणी वेगळे दिसावे.

"मावशी? अगं, आज किती स्पष्ट दिसतेस तू!"

"आई कुठेय तुझी?"

"झोपलीय." भाचीने श्वास घेतला. "झोपवलीय. काल रात्री दुखणं फार वाढलं. आता औषधावरच ठेवणार म्हणाले. उठणार नाही बहुतेक ती, मावशी. मी तुला फोन करणारच होते, पण लागेना तुझा."

"अगं पण..." मावशींनी तांब्याचा आधार घेतला. "काल बोलत होती?"

"काल रात्रीपर्यंत."

"अडखळत होती ना? तुटत होतं ना तिचं बोलणं?"

"आईचं?" भाचीला कळेना. "नाही गं. आवाज बारीक झाला होता, बस. डॉक्टरांनाच नवल वाटत होतं, हिची टकळी कशी थांबत नाही म्हणून." आणि इतके दिवस दाबून ठेवलेले तिच्या तोंडून बाहेर पडले. "तू का ठेवत होतीस गं फोन? ती सकाळपासून उशा नीट करून बसायची तुझ्यासाठी. आणि तू, दमतेस, पड, उद्या. रोज. मला म्हणाली, ताई अजून रागावलीय का गं माझ्यावर? मी तुला विचारणार होते, तर म्हणाली, नको विचारूस. खरंच रागावलेली असली तर?"

दादाच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो ठेवावा की धरावा, हे त्याला कळेना. तो हळूच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मला वाटलं..." मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, तिलाच बोलवत नाहीये. तिला दमवायचं नव्हतं गं मला. राउटर मी कपाटात ठेवला होता. झाकून. धूळ बसू नये म्हणून."

इतक्या लांबून आलेले हे वाक्य भाचीच्या आत उतरायला वेळ लागला. उतरले, तेव्हा तिने रागाने ओठ चावला. "एकदा विचारायचंस ना, मावशी. एकदाच. आवाज का तुटतो म्हणून."

मावशींनी बाजूला पडलेली खोळ उचलून हातात धरली.

"ती रोज काहीतरी सुरू करायची," त्या म्हणाल्या. "ताई, त्या वेळी मी. एवढंच ऐकू यायचं मला. पुढे काय होतं?"

"मलाही नाही सांगितलं. मी म्हटलं, आई, मला सांग, मी सांगते मावशीला. तर म्हणाली, नाही, ताईलाच सांगेन."

पलीकडे कुणी नर्स आत आली, भाचीच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाली. भाची म्हणाली, "मावशी, ही म्हणते, बोला तिच्याशी. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं म्हणे."

मावशींना ते वाक्य ठाऊक होते. चादरींचा गठ्ठा छातीशी धरून त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यातून जायच्या, तेव्हा त्यांनी ते कितीदा ऐकले होते. नर्सेस कोणत्या आवाजात ते सांगतात आणि सांगून दुसरीकडे कशा पाहतात, तेही पाहिले होते. ते खरे की नुसते समाधान, हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आज त्याच वाक्याच्या दारात त्या उभ्या होत्या. आणि आत जाण्यावाचून गती नव्हती.

"कानाशी धर," त्या म्हणाल्या.

"मग तुला ती दिसणार नाही."

"मला दिसायला नको. तिला ऐकू येऊ दे."

भाचीने फोन आईच्या कानाशी लावला. जो चेहरा इतक्या दिवसांनी लख्ख दिसणार होता, तो दिसला नाही. पडद्यावर उशीच्या कापडाचा अंधार आला. त्या अंधारात एक श्वास चालू होता. जाड, संथ, पण अखंड. एकही तुकडा गळत नव्हता.

मुकाट मोठी बोलू लागली.

"बाळ, ताई आहे. रागावले नाही गं मी. तेव्हा रागावले होते, पण ते आईची खाट बघून, तुझ्यावर नव्हे. नंतर तर मुळीच नाही. सांगायचं राहिलं. मला वाटलं, तुला ठाऊकच आहे. तू म्हणायचीस ना, श्वास घेतला तर विसरेन? मी श्वासच घेत बसले बघ इतकी वर्षं. इथे तुझं कोण आहे म्हणाले होते मी. मी आहे की गं. मी होतेच की इथे. कुठे जाणार होते? आज उठणार नाहीये मी इथून. तू झोप. मी बोलते."

आणि त्या बोलल्या. फाटकापाशी उभ्या राहायच्या तेव्हा काय वाटायचे, ते बोलल्या. वेणी घालताना मुद्दाम ओढायच्या, ते बोलल्या. आईने शेवटच्या दिवशी कुणाचे नाव घेतले होते, तेही बोलल्या; ते आजवर त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. नाव धाकटीचे होते. दादा केव्हा गेला, दार कुणी ओढून घेतले, हे त्यांना कळले नाही. घसा कोरडा पडला, तरी तांब्यातले पाणी घ्यायला फोन हलवला नाही.

बऱ्याच वेळाने भाचीने फोन काढला. तिचे डोळे सुजले होते.

"ऐकलं का गं तिने?" मावशींनी विचारले. "काही हललं का? पापणी? बोट?"

भाचीला खोटे बोलता आले असते. समुद्रापलीकडून कोण पडताळून पाहणार होते? पण ती तिच्या आईची मुलगी होती. "नाही, मावशी. मला तरी काही दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बोलल्या. त्याच्या पुढच्या दिवशी भाचीने ठरल्या वेळेआधीच फोन केला. तिच्या मागची खाट रिकामी होती आणि चादर काढून नेलेली होती. तिने काही सांगण्याची गरज उरली नाही. तिचा हुंदका, हुंदक्यामधला श्वास, गादीच्या प्लास्टिकवरून कुणीतरी फिरवलेल्या ओल्या फडक्याचा आवाज, सगळे जसेच्या तसे येत होते.

रडून झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, ते त्या वेळचं. मी विचार करत होते. ती बहुतेक हेच सांगणार असेल, की तिला यायचं होतं पण..."

"नको," मावशी म्हणाल्या.

"पण मला वाटतं ना..."

"तुला वाटेल, मला वाटेल. माझ्यावर चिडली असेल तेव्हा, तर तेही असेल त्यात. नको गं. वाक्य तिचं आहे. आपण पुरं नाही करायचं."

भाचीने पालथ्या हाताने डोळे पुसले आणि विचारले, आईच्या कपड्यांचं काय करायचं. मावशींनी तिला एकेक सांगायला सुरुवात केली.